गव्हाशिवाय गोडधोड : प्रस्तावना

आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत सकाळी दळण घेत नाहीत. गिरणीवाले दादा दगड उघडून बसलेले असतात. खाचांमध्ये अडकलेलं पीठ ब्रशने काढायचं, कापडी नळी झटकून उन्हात टाकायची, फरशी पुसायची, आणि मग दुपारपासून फक्त उपासाची दळणं लावायची: वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. रांगेतल्या आज्या पुन्हापुन्हा विचारतात, "गव्हावर नाही ना लावलंत?" आणि दादा दर वेळी तितक्याच शांतपणे सांगतात, "नाही हो आजी, सकाळीच सगळं साफ केलंय."

बारा वर्षांपूर्वी त्या रांगेत मीही उभी होते. माझा उपास नव्हता. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला सीलिअॅक रोग असल्याचं नुकतंच कळलं होतं, आणि गव्हाचा कणही नसलेलं पीठ कुठे मिळेल याच्या शोधात मी आठवडाभर शहर पालथं घातलं होतं. ते घराच्या कोपऱ्यावरच मिळत होतं. ज्या काळजीने ते दळलं जात होतं, तेवढी काळजी मला मोठ्या दुकानांच्या चकचकीत फडताळांतही दिसली नव्हती. पुढे मी घरघंटी घेतली, आणि तिच्या दगडाला आजवर गहू लागलेला नाही. पण घंटी वेगळी ठेवायची हे मी शिकले ते त्या आज्यांकडून.

निदान व्हायला दोन वर्षं लागली होती. मुलीचं पोट फुगलेलं असायचं आणि हातपाय काड्यांसारखे. शाळेच्या प्रार्थनेला ती कायम रांगेत पहिली, कारण उंची वाढतच नव्हती. जंतांचं औषध देऊन झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, "अंगकाठीच बारीक आहे, तुम्ही उगाच घोर लावून घेता" हेही ऐकून झालं. रक्त काही केल्या वाढेना, तेव्हा एका डॉक्टरबाईंनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली, आणि नंतर दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. शाळेच्या पुस्तकात तिला रसांकुर म्हणतात. खाल्लेल्यातलं सत्त्व तीच शोषून घेते. माझ्या मुलीची ती लव झिजून सपाट झाली होती. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणाची फौज बिथरते आणि आपल्याच आतड्यावर तुटून पडते. मूल चार घास जेवतं, पण ते अंगी लागत नाही. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, जव आणि राय ही तीन धान्यं जन्मभरासाठी बंद, एवढाच उपचार. तो लागू मात्र छान पडतो. सहा महिन्यांत तिचे सगळे फ्रॉक आखूड झाले, आणि ते कपाटातून काढताना मला रडू आवरलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. घरात कोणाबद्दल अशी शंका आली, तर तपासणी होण्याआधी गहू बंद करू नका. गहू थांबला की आतडं भरून यायला लागतं, रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान हुकतं. आधी डॉक्टर, मग हे पुस्तक.

या रोगाचा गव्हाशी संबंध जगाला कळला तो एका उपासमारीतून. सॅम्युएल जी या इंग्रज डॉक्टरांनी 1888 साली रोगाची लक्षणं नेमकी लिहून ठेवली होती, आणि हा बरा व्हायचा तर खाण्यापिण्यातूनच होईल असंही म्हटलं होतं. पण कोणतं खाणं वाईट, हे त्यांना उलगडलं नव्हतं. मधली कित्येक वर्षं अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. मुलं सुधारायची, आणि श्रेय केळ्याला जायचं. हॉलंडमध्ये हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून पावाचा संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नान्न दशा झाली, पाव मिळेनासा झाला, माणसं ट्यूलिपचे कांदे खाऊन जगली. आणि त्या भयंकर हिवाळ्यात सीलिअॅकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे एकेक धान्य देऊन-थांबवून पाहिलं आणि 1950 साली आपला प्रबंध मांडला. माझ्या मुलीच्या ताटातली नाचणीची नानकटाई मी पाहते तेव्हा मला कधीकधी ती पाव नसलेली मुलं आठवतात. त्यांच्या भुकेने आमचं दुखणं ओळखून दिलं.

आपल्या देशात पंजाब-हरियाणाकडे, जिथे तिन्ही त्रिकाळ गहूच खाल्ला जातो, तिथे हा रोग साधारण शंभरात एकाला सापडतो. दक्षिणेत पुष्कळ कमी. महाराष्ट्राचं म्हणाल तर, आपल्याकडे भात-भाकरीची घरं होती तोवर कित्येकांचं दुखणं झाकलेलं राहिलं असेल असं मला वाटतं. आता सकाळी बिस्किटं, डब्यात पोळी, संध्याकाळी पाव, रात्री पुन्हा पोळी.

म्हणून मी गव्हाला वाईट म्हणते असं नाही. ज्यांना तो सोसतो त्यांनी तो आनंदाने खावा. माझ्या घरात बाकीच्यांच्या पोळ्या वेगळ्या पोळपाटावर आजही होतात. वजन उतरवण्यासाठी म्हणून कोणी हे पुस्तक उघडलं असेल तर त्यांना स्पष्ट सांगते की इथल्या केकमध्ये लोणी आहे, लाडवांत तूप आहे, आणि गूळ-साखर तर आहेच. गहू काढल्याने गोड पदार्थ हलका होत नाही. हे पुस्तक ज्यांना गहू चालतच नाही त्यांच्यासाठी, आणि त्यांना जीव लावणाऱ्यांसाठी आहे.

आता मूळ विषयाकडे येते. गहू गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे आधी हाताने पाहून घ्या. कणकेचा लिंबाएवढा गोळा घ्या आणि पातेल्यातल्या पाण्यात हळूहळू चोळा. पाणी दुधासारखं होईल. ते ओतून नवं घ्या. पाच-सहा पाणी झाली की हातात करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरतो. ते ग्लुटेन. (कुरडईसाठी आपण गहू भिजवून चीक काढतो, तो पांढराशुभ्र दिसतो म्हणून "यात काही नसेल" असं वाटतं. त्यात ग्लुटेन उरतंच. कुरडई चालत नाही.) पोळी फाटत नाही ती या गोळ्यामुळे. पाव फुगतो तोही यामुळेच, कारण आतली हवा तो फुग्यासारखी धरून ठेवतो. केकमध्ये याचं काम त्या मानाने थोडं असतं. अंडी असतात, पिठातला स्टार्च असतो, लोणी-साखर असते. म्हणून गव्हाशिवाय पाव करणं कठीण, केक त्याहून सोपा आणि बिस्किट सगळ्यांत सोपं. नानकटाईला तर ग्लुटेन नकोच असतं. मैद्याची नानकटाई करतानाही जाणत्या बायका "फार मळू नकोस, चिवट होईल" असं बजावायच्या.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुलीच्या सातव्या वाढदिवसाला मी मैद्याच्या जागी तेवढंच तांदळाचं पीठ घालून केक केला. ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा सुरेख दिसत होता. सुरी लावली आणि तो वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळला. मुलीने वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला, "छान आहे गं आई" म्हणाली, आणि दाताखाली करकरणारं पीठ न बोलता गिळलं. त्या रात्री सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्या राजापूरकडच्या, ओव्हन त्यांनी कधी वापरला नव्हता. उरलेला चुरा त्यांनी चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, मोदकाची पिठी तू कधी थंड पाण्यात भिजवतेस का?"

या पुस्तकात मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या एका प्रश्नात आहे.

तांदळाला गव्हासारखा चिकटपणा जन्मजात नाही. तो आपण त्याला उष्णतेने देतो. उकळत्या पाण्यात पिठी पडली की तिच्यातला स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो, आणि जी पिठी मघाशी वाळूसारखी होती तिची पातळ पारी होते, तिला कळ्या पडतात. ज्वारीच्या भाकरीचं पीठ विरी गेलेलं असलं की आपण गरम पाण्यात भिजवतो ते याचसाठी. घावनाचं पीठ थोडा वेळ मुरू देतो, तेही दाणा पाणी प्यावा म्हणून. गव्हाशिवाय पीठ बांधून कसं ठेवायचं हे या प्रदेशातल्या बाईला शिकवायला नको. भाकरी थापणारा हात आणि मोदक वळणारा हात ते रोज करतोच. आपण ओव्हन पेटवला की ती अक्कल बाजूला ठेवतो आणि मैद्याची जागा भरून काढणारं काहीतरी शोधायला लागतो, तिथे चुकतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन मोठे चमचे पिठी अर्धी वाटी दुधात शिजवून खिरीहून जरा दाट उकड काढली, गार केली आणि केकच्या पिठात घोटली. पीठ अर्धा तास झाकून ठेवलं. तो केक कापता आला. त्याचा काप उभा राहिला. सासूबाईंनी एक तुकडा मोडला, बोटांनी दाबून पाहिला आणि फक्त मान हलवली.

म्हणून या पुस्तकात "मैद्याऐवजी" हा शब्द तुम्हाला जवळजवळ सापडणार नाही. प्रत्येक धान्याचा स्वभाव आधी सांगितला आहे आणि त्याला शोभेल तेच त्याच्याकडून करून घेतलं आहे. नाचणीला रंग आहे, मातीचा वास आहे. ती कोको, गूळ आणि केळ्याबरोबर खुलते, व्हॅनिलाच्या पांढऱ्या केकमध्ये ती उगाच ओशाळवाणी वाटते. ज्वारी सौम्य, गव्हाच्या चवीच्या सगळ्यांत जवळची. मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर तिच्या बिस्किटांना वेगळीच गोडी येते. बेसन खमंग भाजल्याशिवाय घालू नका, कच्चा वास शेवटपर्यंत जात नाही. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, दळून आणल्यावर आठवड्याच्या आत संपवा. शिंगाडा अंग धरून ठेवतो पण जास्त झाला की केक गिच्च होतो. राजगिऱ्याचं पीठ मी थोडंच वापरते. लाह्या मात्र भरपूर. आणि तांदूळ घ्यायचा तर मोदकासाठी करतो तशी पिठी करा: धुऊन, सावलीत वाळवून, बारीक दळून आणि वस्त्रगाळ करून. दुकानातल्या भरड पिठाचा आणि या पिठीचा केक शेजारीशेजारी ठेवा, मग मला काही सांगावं लागणार नाही.

मराठी गोडाच्या यादीत गव्हाशिवायचं किती आहे, हे मलाही ही यादी करायला बसले तेव्हाच उमगलं. उकडीचे मोदक, पातोळ्या, खांडवी, नारळीभात, फणसाची सांदणं, तीन दिवस तांदूळ भिजवून केलेले अनारसे, बेसनाचे लाडू, तिळाच्या वड्या, नारळाच्या वड्या, नाचणीचं सत्त्व, खरवस, बासुंदी, श्रीखंड. गोव्यातलं दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा गूळ यांवर तासन्‌तास घोटलेलं असतं. त्यात गव्हाला जागाच नाही. बिबिकमध्ये मात्र मैदा असतो, आणि बातिकमध्ये रवा. बिबिकच्या थरांना मी बारीक पिठी आणि थोडं बेसन वापरून पाहिलं. अंड्याचे बलक आणि नारळाचं दूध इतकं सांभाळून घेतात की ते जमलं. वरून आच देत एकेक थर भाजायचा धीर मात्र हवा.

जगातही शोधलं तर सोबत मिळते. इटलीतल्या काप्रीचा बदाम-चॉकलेटचा केक, स्पेनमधल्या सांतियागोचा बदामाचा केक, हे मुळातच पिठाशिवायचे. क्लॉडिया रोडन यांनी 1968 सालच्या मध्यपूर्वेतल्या पदार्थांच्या पुस्तकात दिलेला संत्र्यांचा केक तर मला आपलाच वाटतो: अख्खी संत्री सालीसकट उकडायची, वाटायची, आणि बदामाचं कूट, अंडी, साखर घालून भाजायची. नागपुरी संत्र्याने तो मी केला आहे. आपली संत्री रसाळ असतात, म्हणून मिश्रण पातळ होतं. बदामाचं कूट थोडं वाढवावं लागतं. कृती पुस्तकात आहे.

पुरणपोळी पुस्तकात नाही. तिच्यासाठी मी चार होळ्या घालवल्या. तांदळाची उकड लाटली, ज्वारीत ईसबगोल घातलं, साबुदाण्याचं पीठ मिसळलं. पोळी झाली, पण जिच्यातून पुरण दिसतं आणि तरी फाटत नाही अशी ती झाली नाही. कणीक तेल-पाण्यात तासभर तिंबून जी तार येते, ती गव्हाचीच. दुसऱ्या कोणी ती उसनी आणू नये असं मला आता वाटतं. होळीला आम्ही वाटीत पुरण घेतो, त्यावर गरम दूध आणि तुपाची धार. नैवेद्यही तोच. मुलीला ते पोळीपेक्षा कमी वाटत नाही, कारण तिच्या आठवणीतली होळी तीच आहे.

लपलेल्या गव्हाबद्दल पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे. ते आधी वाचा. हिंगाच्या डबीत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला निदानानंतर आठ महिन्यांनी कळलं. तोवर रोजच्या वरणात ते जातच होतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट यांत गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतातच. "खपली चालते ना?" असं मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. खपली हा गहूच आहे, जुना आहे म्हणून त्यातलं ग्लुटेन जात नाही. नाचणीची म्हणून विकली जाणारी बिस्किटं उलटून पाहा. घटकांच्या यादीत पहिला शब्द बहुधा मैदाच असतो. माल्ट म्हणजे जवाचा अर्क. तो पोह्यांसारख्या दिसणाऱ्या मक्याच्या न्याहारीत आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत असतो. ओट्समध्ये स्वतःचं ग्लुटेन नाही, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हाच्या संगतीत असतात आणि काहींना शुद्ध ओट्सही बाधतात, म्हणून इथे ते घेतलेच नाहीत. आणखी एक घोटाळा: दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतं ते मक्याचा पांढरा स्टार्च, आणि मक्याचं पीठ म्हणजे भाकरीचं पिवळं पीठ. कृतीत जे लिहिलं आहे तेच घ्या. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडचा नियम आहे. 20 मिलिग्रॅम म्हणजे नखाच्या टोकावर मावेल एवढं. पोळपाटाच्या फटीत, पिठाच्या चाळणीत, लाकडी उलथन्याच्या भेगेत त्याहून कितीतरी जास्त बसलेलं असतं. म्हणून चाळणी, पोळपाट-लाटणं आणि केकचे डबे वेगळे ठेवा. पोळ्या लाटून झाल्या झाल्या त्याच ओट्यावर केक घालायला घेऊ नका. पीठ हवेत उडालेलं असतं, ते बसायला वेळ लागतो.

परदेशातल्या वाचकांसाठी एवढंच: तिकडे ग्लुटेन-फ्री पिठं सहज मिळतात, पण भारतीय दुकानातल्या नाचणी-ज्वारीच्या पाकिटावर "गहू दळणाऱ्या यंत्रावर तयार केलेलं" अशी बारीक ओळ असते. अख्खं धान्य आणा, निवडा, धुवा, घरी दळा.

खाण्याचं पथ्य सांभाळणं त्या मानाने सोपं आहे. अवघड आहे ते दुसऱ्याच्या घरी बसलेल्या मुलाचे हात पाहणं. निदानानंतरच्या श्रावणात शेजारी सत्यनारायण होता. प्रसाद वाटायला सुरुवात झाली आणि माझ्या मुलीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. सात वर्षांच्या मुलीने, कोणी न सांगता. "तिला चालत नाही हो," मी म्हटलं, आणि प्रसाद वाटणाऱ्या काकूंचा चेहरा उतरला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना कळेना, आणि मलाही. हे पाहून पूजा सांगणारे गुरुजी उठले. ते म्हणाले की कथेतच सांगितलेलं आहे, गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं घ्यावं. इतकी वर्षं ती कथा मी ऐकत होते, आणि ते वाक्य कानावरून जात होतं.

पुढच्या महिन्यात आमच्या घरी पूजा केली. तांदूळ धुऊन वाळवले, कणीदार दळले आणि तुपात गुलाबी भाजले. सव्वा वाटीला सव्वा वाटी तूप, साखर, केळं, दूध, सगळं नेहमीचंच. फक्त दूध-पाणी जरा जास्त आणि वाफ जरा लांब, कारण तांदूळ रव्यापेक्षा हट्टी. प्रसाद सगळ्यांना तोच वाटला. मुलगी पहिल्यांदा हात पुढे करून बसली होती, उजवा हात डाव्यावर. त्याच काकूंनी दुसऱ्यांदा मागून घेतला. वेगळ्या ताटलीत एकीसाठी काहीतरी करण्यापेक्षा सगळ्यांसाठी तेच करावं, ही माझी त्या दिवसापासूनची रीत. या पुस्तकातली प्रत्येक कृती गहू खाणाऱ्या पाहुण्यांनी खाऊन, आवडली असं सांगितल्यावरच आत घेतली आहे. "हिच्यासाठी केलंय म्हणून चालवून घेऊ" अशा चवीचं काही ठेवलेलं नाही.

कृतींच्या मापांबद्दल थोडं. वाटी-चमच्याने आयुष्य गेलेल्या आपल्याला वजनकाटा परका वाटतो, पण इथे तो घ्याच. वाटीभर नाचणी आणि वाटीभर साबुदाण्याचं पीठ यांच्या वजनात फरक पडतो, आणि गव्हाचा चिवटपणा पाठीशी नसल्यावर हा फरक भरून काढायला कोणी नसतं. बहुतेक केकमध्ये साधारण दोन भाग धान्याचं पीठ आणि एक भाग स्टार्च आहे. बांधून ठेवायला उकड, अंडी, दही, भिजवलेल्या जवसाची पूड किंवा ईसबगोल. ईसबगोल पोटासाठी म्हणून बहुतेक घरांत असतंच. त्याचं पीक मुख्यतः गुजरात-राजस्थानातलं, आणि जगातले कितीतरी गव्हाशिवायचे पाव आज त्याच्यावर उभे आहेत. 200 ग्रॅम पिठाला 4 ग्रॅम पुरतं. जास्त घातलं तर केक ओलसर, रबरी होतो, हे मी करून पाहिलं आहे. झांथन गम मिळतं, चांगलं काम करतं, पण माझ्या गावातल्या वाण्याकडे जे मिळत नाही ते मी कृतीत घातलेलं नाही.

पीठ भिजवून अर्धा तास थांबा. ही पायरी गाळली तर करकर राहते. केक काढल्यावर डब्यातच पूर्ण गार होऊ द्या. गव्हाचा केक गरम कापला तरी तग धरतो, आपला मोडतो. स्टार्च गार होताना घट्ट बसतो, आणि हा अर्धा-पाऊण तास म्हणजेही भाजण्याचाच भाग समजा. नानकटाई तर गार होईपर्यंत हातही लावू नका.

लहानपणी दिवाळीच्या आधी आम्ही तूप, पिठीसाखर, मैदा डब्यात भरून बेकरीत न्यायचो. भट्टीवाल्याच्या पत्र्याच्या ट्रेवर घरच्या नानकटाया ओळीने मांडायच्या आणि बाहेर पायरीवर बसून वास घेत थांबायचं. माझ्या मुलीला त्या पायरीवर बसता येणार नाही. त्या भट्टीत हवेतही मैदा आहे. पण गेल्या दिवाळीत तिने घरच्या ओव्हनसमोर पाट टाकला. आता ती अठरा वर्षांची आहे. नाचणी 100 ग्रॅम, भाजलेलं बेसन 50 ग्रॅम, तूप, पिठीसाखर, जायफळ. माप तिने स्वतः बसवलं आहे. मधोमध चारोळीचा दाणा दाबताना तिची करंगळी माझ्या आईसारखीच वर राहते. त्या कृतीखाली मी माझं नाव घातलेलं नाही.

पुस्तकाची पहिली कृती धोंडसाची आहे. केक हा शब्द घरात यायच्या कितीतरी आधी कोकणात तवसं किसून, तांदळाची भाजलेली कणी, गूळ आणि खोबरं घालून, जाड बुडाच्या भांड्यात खाली मंद आच आणि झाकणावर निखारे ठेवून ते भाजत. सासूबाईंनी ते मला चुलीवर करून दाखवलं, मी ते ओव्हनमध्ये 170 अंशांवर आणलं. गणपतीच्या सुमाराला मोठं, पिवळसर, पिकलेलं तवसं मिळेल. नाही मिळालं तर साधी काकडी चालेल. फक्त किसल्यावर पाणी पिळून टाकू नका. कणी त्याच पाण्यात भिजते.